स्वरलिपीवांचून टिकलेलें गाणें

एखाद्या समाजाच्या संगीताची परीक्षा करावयाची म्हणजे तें कोणासाठीं गाइलें जातें हें प्रथम पाहिलें पाहिजे. मैफलींतलें गाणें श्रोत्यांसाठीं असतें, नाटकांतलें पद प्रेक्षकांसाठीं असतें, आणि दोहोंचें मोल ऐकणाऱ्याच्या चित्तावर होणाऱ्या परिणामावरून ठरविणें रास्त असतें. परंतु जेथें श्रोता म्हणून कोणी उरतच नाहीं, जमलेला प्रत्येक मनुष्य गाणारा असतो, आणि आपला आवाज इतरांहून वेगळा ऐकूं येऊं नये अशी ज्याची त्याची खटपट असते, तेथें कोणता गज लावावयाचा? अमेरिकेंतील आमिश लोकांच्या स्तोत्रगायनाविषयीं आजवर जीं मतें प्रकट झालीं आहेत, त्यांतील बरींच हा प्रश्न न विचारतांच दिलेलीं आहेत. कोणी त्या गाण्यास कंटाळवाणें व विद्रूप म्हणून बाजूस सारलें. कोणी त्यास सोळाव्या शतकाचा जसाच्या तसा राहिलेला अवशेष म्हणून डोक्यावर घेतलें. आमच्या मतें दोन्ही निवाडे उतावळे आहेत.

आमिश लोकांच्या घोडागाड्या, साधा पोशाख आणि विजेच्या तारांशीं त्यांनीं धरलेला अबोला यांचीं वर्णनें पुष्कळ झालीं आहेत. त्यांची पुनरुक्ति येथें नको. गाणें समजण्यापुरता इतिहास मात्र सांगितला पाहिजे. १५२५ सालीं झुरिक शहरांत कांहीं तरुणांनीं असें मत मांडलें कीं, बाप्तिस्मा हा अजाण अर्भकावर करावयाचा संस्कार नसून जाणत्या मनुष्यानें आपखुषीनें घ्यावयाचें व्रत आहे. आज हें मत निरुपद्रवी वाटेल. परंतु ज्या काळीं राजसत्ता व धर्मसत्ता एकमेकींत गुंतलेल्या होत्या, त्या काळीं हा उघड राजद्रोह ठरला. या मताचा एक पुढारी फेलिक्स मान्त्स यास १५२७ च्या जानेवारींत लिमाट नदींत बुडवून मारण्यांत आलें. त्याच वर्षीं मिखाएल झाटलर याची जीभ कापून मग त्यास जाळण्यांत आलें. १५२९ मध्यें टिरोल प्रांतांत ग्योर्ग ब्लाउरॉक यासहि जाळलें. या तिघांच्याहि नांवावरचीं गीतें आमिश लोकांच्या गीतपुस्तकांत आहेत. पुढें १६९३ सालीं याकोब आम्मान नांवाच्या उपदेशकानें अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरल्यामुळें या पंथांत फूट पडली, आणि त्याचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकापासून ते पेनसिल्व्हेनियांत येऊन वसूं लागले. युरोपांत उरलेली त्यांची अखेरची मंडळी १९३७ सालीं मेनोनाइट पंथांत मिळून गेली. अमेरिकेंत मात्र पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इत्यादि राज्यांतून आज त्यांची संख्या सुमारें ४ लाखांवर आहे.

त्यांच्या गीतपुस्तकाचें नांव ‘आउसबुंड’, म्हणजे वेंचक, निवडक. त्याचा गाभा तुरुंगांत रचला गेला. १५३५ च्या सुमारास मोराव्हियांतून हांकलून दिलेल्या या पंथाच्या लोकांचे कांहीं जथे आपल्या मूळ प्रदेशाकडे परतत असतां डॅन्यूब नदीवरील पासाउ येथें पकडले गेले, आणि तेथील किल्ल्याच्या तळघरांत त्यांस कोंडण्यांत आलें. कित्येकांस तेथें वर्षानुवर्षें राहावें लागलें. हान्स बेत्स हा त्यांतला एक प्रमुख गीतकार तर तेथेंच मरण पावला. या बंदिवानांनीं केलेलीं पन्नासांहून थोडीं अधिक गीतें १५६४ सालीं छापलीं गेलीं. १५८३ च्या आवृत्तींत त्यांत इतर गीतांची भर पडून ‘आउसबुंड’ हें नांव आलें, आणि आज त्या पुस्तकांत १४० गीतें आहेत. १७४२ सालीं क्रिस्तोफ झाउर या मुद्रकानें पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथें त्याची पहिली अमेरिकन आवृत्ति काढली. प्रोटेस्टंट पंथांत आजतागायत अखंड वापरांत राहिलेलें याहून जुनें गीतपुस्तक दुसरें नाहीं.

हीं गीतें काव्य म्हणून कशीं आहेत? वाचकांची दिशाभूल होऊं नये म्हणून स्पष्टच सांगावयाचें तर, त्यांतील बरींचशीं काव्यदृष्ट्या सामान्य आहेत. कित्येक अतिशय लांब आहेत. यमकासाठीं केलेली ओढाताण जागोजाग दिसते. धर्मग्रंथांतील वचनांची नुसती मालिका गुंफून रचनाकार थांबतो. परंतु कांहीं गीतांत परिस्थितीच अशी बोलते कीं, कारागिरीची उणीव जाणवत नाहीं. पुस्तकांतील अखेरचें गीत बर्न येथें १५७१ सालीं शिरच्छेद झालेल्या हान्स हास्लिबाखर या वृद्ध शेतकऱ्याचें आहे. आपल्या मरणाच्या वेळीं तीन खुणा दिसतील, असें तो आधींच सांगतो: तुटलेलें मस्तक आपल्या टोपींत उडी घेईल, सूर्य लाल होईल, आणि गांवच्या झऱ्यांतून रक्त वाहील. गीत म्हणतें, तसेंच झालें. ही पोवाड्याची जात आहे, आणि पोवाड्याप्रमाणेंच तींत घडलेलें व लोकमानसानें घडविलेलें यांची सरमिसळ आहे. परंतु पोवाड्याचा नायक शत्रूला मारतो. येथील नायक मारणाऱ्यावर हात उगारीत नाहीं. सूड घेणें माणसाचें काम नव्हे, ही धारणा या पुस्तकांत ठायीं ठायीं आहे, आणि ती अशा लोकांची आहे कीं, ज्यांस सूडाची इच्छा होण्यास कारण भरपूर होतें. या संग्रहाचें वाङ्मयीन मोठेपण असेल तर तें शब्दकळेंत नसून या संयमांत आहे.

आतां चालींकडे वळूं. ‘आउसबुंड’मध्यें स्वरलिपीचें एकहि चिन्ह नाहीं. प्रत्येक गीताच्या माथ्यावर अमक्या गीताच्या चालीवर म्हणावें, एवढीच सूचना असते. आपल्याकडील नाटकांच्या पदपुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचे आरंभीचे शब्द छापण्याची रीत ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. या सूचनांत जुन्या धर्मगीतांबरोबरच त्या काळच्या ऐहिक गाण्यांचींहि नांवें सांपडतात. प्रेमाचीं गाणीं आहेत, लढाईचीं आहेत. ज्या चालीवर शिपाई लढाईचें गाणें म्हणे, तीच चाल शस्त्र न धरण्याचें व्रत घेतलेल्या बंदिवानानें उचलली. त्याला तुरुंगांत सोबत होती ती सर्वांस तोंडपाठ असलेल्या चालींची. पुढें मूळ गाणीं लोक विसरले, आणि माथ्यावरची सूचना निर्जीव झाली. परंतु चाल मात्र पिढीमागून पिढी एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत उतरत राहिली.

ती कशी गाइली जाते हें आतां पाहूं. आमिश लोकांस चर्चची इमारत नाहीं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारीं मंडळीपैकीं एखाद्याच्या घरीं किंवा कोठारांत उपासना भरते. बसावयाचीं बांकें गाडींत घालून घरोघर फिरविलीं जातात. पुरुष एकीकडे, स्त्रिया दुसरीकडे. वाद्य कोणतेंहि नाहीं. उपासनेच्या आरंभीं पहिलें गीत सुरू होतें, तेव्हां उपदेशक मंडळी उठून सल्लामसलतीसाठीं वेगळ्या खोलींत जातात. म्हणजे ज्यांच्या हातीं अधिकार आहे तेच या गाण्याच्या वेळीं समोर नसतात. आधीं पुस्तकाच्या पानाचा आंकडा पुकारला जातो. मग अग्रगायक प्रत्येक ओळीचें पहिलें अक्षर एकटा उचलतो. त्या एका अक्षरावर त्याचा सूर चढतो, वळतो, उतरतो. आणि दुसऱ्या अक्षरापासून सारी मंडळी एकाच सुरांत त्याला मिळते. स्वरांची वेगवेगळी जुळणी करून गाण्याची युरोपीय पद्धत येथें नाहीं; लहानथोर सारे एकच स्वर धरतात. अक्षराअक्षरावर अनेक स्वरांचा लहान आलाप असतो, आणि लय इतकी विलंबित कीं एका ओळींतील शब्द कोणता हें नवख्याच्या ध्यानांत येत नाहीं. ताल धरावयास जागाच नसते. ओळ संपते, क्षणभर शांतता होते, आणि पुन्हा तो एकटा आवाज पुढच्या ओळीचें पहिलें अक्षर उचलतो.

दुसरें गीत सर्वत्र एकच असतें. लेनार्ट क्लॉक या डच गीतकाराचें तें स्तुतिगीत, पान ७७० वरचें. त्याचीं कडवीं अवघीं चार, आणि प्रत्येक कडव्याच्या ओळी सात. साधारण चर्चमध्यें अशा गीतास दोन-तीन मिनिटें पुरतात. आमिश मंडळींत त्यास कोठें बारा-पंधरा मिनिटें लागतात, तर कोठें वीस किंवा त्याहून अधिक. आणि मंडळी जितकी जुन्या शिस्तीची, तितकी सामान्यतः लय अधिक संथ. हेंच गीत प्रत्येक उपासनेंत ठरलेलें असल्यामुळें एकाच रविवारीं दूरदूरच्या गांवांतून तेच शब्द उठत असतात. बाहेरचा मनुष्य येथेंच कंटाळतो. परंतु कंटाळा हा ऐकणाऱ्याचा धर्म आहे. गाणाऱ्यास तो नाहीं. ज्याला पुढच्या स्वरासाठीं शेजाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावें लागतें, त्यास कंटाळावयास सवड कोठून मिळणार? वाद्य नाहीं, ताल नाहीं, हातवारे करून दिशा दाखविणारा कोणी नाहीं. अशा स्थितींत शंभर-दीडशें माणसांनीं एक सूर वीस मिनिटें एकत्र वाहून नेणें ही साधी गोष्ट नव्हे. त्यासाठीं प्रत्येकानें ऐकावें लागतें, आणि स्वतःस थोडें मागें ठेवावें लागतें. नम्रपणें स्वतःस सोडून देणें हा आमिश लोकांचा मोठा सद्गुण. त्याचा उपदेश उपदेशक नंतर शब्दांनीं करील, परंतु त्याची तालीम गाण्यांतच होऊन गेलेली असते.

विद्वानांनीं या गाण्याचा शोध विसाव्या शतकांत घेतला. जॉर्ज पुलन जॅक्सन यांनीं १९४५ सालीं एका संगीतविषयक त्रैमासिकांत लिहिलेल्या निबंधाच्या मथळ्यांतच या संगीतास ‘विचित्र’ म्हटलें. तथापि त्यांनींच या लांबलेल्या आलापांच्या आंत जुन्या जर्मन लोकगीतांच्या चालींचे सांगाडे शोधण्याचा यत्न केला, हें त्यांचें श्रेय होय. १९५७ सालीं ब्रूनो नेट्ल यांनीं असा विचार मांडला कीं, एखादी रीत मध्यवर्ती प्रदेशांत नाहींशी झाली तरी दूरच्या काठावर ती टिकून राहते, व आमिश गायन हें अशा टिकण्याचें उदाहरण आहे. पुढें १९८१ मध्यें निकोलस टेंपर्ली यांनीं इंग्लंड व न्यू इंग्लंड येथील जुन्या चर्चगायनाचा अभ्यास करून दाखविलें कीं, वाद्याचा आधार व शिकविलेली स्वरलिपि नसली म्हणजे मोठा जमाव दीर्घ काळांत आपोआप संथ होत जातो, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकतांना मधल्या जागा भरूं लागतो. म्हणजे हे अलंकार कोणी बसून रचलेले नसतात, ते सामुदायिक गळ्याच्या वाटचालींतून उगवतात.

हे तिन्ही विचार एकत्र ठेवले म्हणजे ‘जसाच्या तसा अवशेष’ हें मत टिकत नाहीं. पासाउच्या तळघरांत हींच गीतें वीस-वीस मिनिटें ओढून म्हटलीं गेलीं असतील, असें मानण्यास आधार नाहीं. ज्या चाली त्यांनीं उचलल्या त्या लोकांच्या तोंडच्या चालत्या चाली होत्या. आज ऐकूं येतें तें बंदिवानांचें गाणें नव्हे. त्यांच्या गाण्यावर पुढच्या अनेक पिढ्यांनीं नकळत केलेलें काम आहे. पण म्हणून तें बिघडलेलें गाणें आहे काय? नदीच्या पात्रांतला गोटा डोंगरावरच्या खडकासारखा दिसत नाहीं. तेवढ्यावरून त्यास कोणी बिघडलेला खडक म्हणत नाहीं. मूळ चाल शोधणें हें इतिहासाचें काम आहे व तें झालेंच पाहिजे. परंतु मूळ चालीपासूनचें अंतर मोजून गाण्याचा कमीपणा ठरविणें ही टीका नव्हे.

हें गाणें कागदावर उतरविण्याचा एक ध्यास घेतलेला यत्न १९४२ सालीं झाला. जोसेफ योडर हे पेनसिल्व्हेनियांतील आमिश घरांत वाढलेले गृहस्थ. आपल्या आईच्या जीवनावर त्यांनीं १९४० सालीं लिहिलेलें ‘रोझाना ऑफ द आमिश’ हें पुस्तक पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांनीं गाणाऱ्यांकडून चाली ऐकून घेऊन ‘आमिशे लीडर’ या नांवानें त्या युरोपीय स्वरलिपींत छापल्या. त्यांचा हेतु प्रेमाचा होता, आणि त्यांचे श्रम अभ्यासकांस फार उपयोगी पडले, यांत शंका नाहीं. तथापि उपासनेच्या बांकांवर आजहि असतें तें स्वरचिन्हांवांचूनचें जाडजूड ‘आउसबुंड’च. यास निव्वळ हट्ट म्हणणें सोपें आहे. आम्हांस त्यांत एक शहाणपण दिसतें. ज्याच्या हातीं स्वरलिपि येते, त्याला चाल शिकण्यासाठीं शेजारच्या वृद्धाची गरज उरत नाहीं. मग चूक दाखविणारा मनुष्य नसून कागद असतो. येथें चाल शिकणें म्हणजे कोणातरी माणसाजवळ बसणें, हा संबंध कागदानें तुटतो. योडर यांनीं चाल वांचविली. परंतु चाल ज्या संबंधांत जगते तो संबंध कोणत्याच लिपींत उतरत नाहीं.

या परंपरेंत एक मोठा विरोधाभास आहे, आणि आमच्या मतें तिचें खरें मर्म तेथेंच सांपडतें. शब्द छापलेले होते. ते शतकानुशतकें जवळजवळ अक्षरशः तसेच राहिले. परंतु ते ज्या जुन्या जर्मन भाषेंत आहेत ती आमिश लोकांची घरची भाषा नव्हे; घरीं ते पेनसिल्व्हेनियांत रुळलेली जर्मन बोली बोलतात, आणि बाहेरच्यांशीं इंग्रजी. त्यांत लय इतकी संथ कीं, वाक्याचा अन्वय ओळीच्या शेवटापर्यंत हातीं राहणें कठीण. म्हणजे जें लिहून ठेवलें तें टिकलें खरें, पण त्याचा अर्थ हळूहळू अंधुक होत गेला. उलट चाल कोणी लिहिलीच नाहीं. ती बदलली, वाढली, गांवोगांवीं थोडी निराळी झाली, आणि म्हणूनच प्रत्येक गाणाऱ्याची स्वतःची राहिली. वारसा जपण्याचे दोन मार्ग एकाच पुस्तकाच्या आधारें असे शेजारीं शेजारीं चाललेले दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळतील. पहिल्यांत वस्तु सुरक्षित राहते. दुसऱ्यांत तिची गरज जिवंत राहते.

एवढी स्तुति केल्यावर एक आक्षेप लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांनीं हीं गीतें रचलीं ते एकटे उभे राहिलेले लोक होते. सारें शहर एका रीतीनें उपासना करीत असतां मान्त्स व झाटलर यांनीं नाहीं म्हटलें, आणि त्या एका शब्दासाठीं प्राण दिले. त्यांचींच गीतें आज अशा रीतीनें गाइलीं जातात कीं, तींत वेगळा आवाज हा दोष ठरतो. उपासनेंत अग्रगायक पुरुषच असतो. स्त्रियांचा आवाज सर्वांत मिसळतो, पण ओळ उचलण्याचा मान त्यांस नाहीं. ज्याला देवानें असामान्य गळा दिला आहे त्यानें तो झांकून ठेवावा, हीच येथील रीत. वेगळें होण्याच्या हक्कासाठीं मेलेल्या माणसांचे शब्द वेगळें होऊं न देण्याच्या कामीं येतात, हें टीकाकारानें पाहिलेंच पाहिजे. उत्तर म्हणून असें सांगतां येईल कीं, त्यांच्यांत बाप्तिस्मा आजहि जाणत्या वयांतच घेतला जातो, आणि बहुसंख्य तरुण तो घेतात. तेव्हां हा एकसूर जन्मानें लादलेला नसून स्वीकारलेला आहे. उत्तर खोटें नाहीं, पण पुरतें नाहीं. कारण जेथें नकार देणें म्हणजे आपल्या साऱ्या माणसांपासून दुरावणें, तेथें होकार कितपत मोकळा असतो हा प्रश्न उरतोच.

या आक्षेपाची जाणीव त्या समाजास अजिबात नसावी असेंहि नाहीं. रविवारीं संध्याकाळीं तरुण मुलगे व मुली एखाद्या घरीं गाण्यासाठीं जमतात. तेथें जाड पुस्तकाऐवजीं बरेंच लहान दुसरें पुस्तक असतें, चाली जलद असतात, पुष्कळदां बाहेरच्या इंग्रजी धर्मगीतांच्याहि असतात. विवाहाच्या ओळखी येथेंच जुळतात. इंडियानांतील कांहीं मंडळींत, ज्यांचे पूर्वज थेट स्वित्झर्लंडहून आले, आल्प्सच्या पहाडांतील गळा उलटवून गाण्याची तऱ्हाहि घरगुती गाण्यांत टिकून आहे. म्हणजे वेग, चढाओढ व कंठाचा विलास यांची हौस त्या लोकांस नाहीं असें नव्हे. तिची वेळ व जागा त्यांनीं ठरवून दिली आहे. सकाळीं ज्या गळ्यानें विलंबित स्तुतिगीत म्हटलें, तोच गळा संध्याकाळीं धांवत सुटतो. संथपणा हा त्यांच्या अंगचा मांद्य नसून जाणून पाळलेला नियम आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

तेव्हां या गाण्याचा निवाडा आम्ही असा करूं. रागदारीच्या किंवा युरोपीय वाद्यवृंदाच्या गजानें पाहिलें तर त्यांत वैचित्र्य थोडें, शब्दार्थ अंधुक आणि व्यक्तीस वाव नाहीं. पण एका जमावाला एक करण्याचें साधन म्हणून पाहिलें तर त्याच्या तोडीचीं उदाहरणें फार थोडीं निघतील. यंत्रावर मुद्रित करून तें कपाटांत ठेवतां येईल, आणि कोणीतरी तें ऐकेलहि. मात्र ऐकणारा मनुष्य त्या गाण्यांत मुळींच नव्हता. चार कडव्यांसाठीं वीस मिनिटें देण्याची ज्यांची तयारी आहे, अशीं माणसें जोंवर एका छपराखालीं जमतात तोंवर त्यास कोणाच्या संरक्षणाची जरूर नाहीं. आणि ती तयारी ज्या दिवशीं संपेल, त्या दिवशीं सर्व स्वरलिप्या बिनचूक असूनहि तें गाणें संपलेलें असेल. जें जें आपण वारसा म्हणून जपूं पाहतों, त्या प्रत्येकाविषयीं हाच प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे: आपण वस्तु राखीत आहोंत, कीं तिची गरज?